हरीणवाली

नवी पेठेतल्या दुकानात अकरा वर्षं
मी टॉवेलांच्या घड्या मोडते आणि घालते.
पुण्याची गाडी थांबते, गॉगल डोक्यावर सरकतो:
"ऑरगॅनिक आहे ना? कंपनी चांगली आहे ना?"
मी टॅग उलटा करून दाखवते.
तिथं छापलंय: एका टॉवेलमागे
चाळीस लिटर पाणी वाचवलं.

मनात मी घागरीनं मोजते.
चार घागरी, तोंडापर्यंत.
आमच्या दत्तनगरात नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला, खोकत.
वाचवलेलं पाणी ठेवतात कुठं,
एकदा शेठना विचारलं.
म्हणाले, घडी नीट घाल.

मंगळवारी महादेवी हत्तुरे आल्या, मंद्रूपच्या.
पिशवीतून चादर काढली, काउंटरवर पसरली,
आजाऱ्याला डॉक्टरपुढं झोपवावं तशी.
लग्नातली. एकतीस वर्षं.
तीन बाळंतपणं, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं,
मधोमध झिरून जाळी झालेली,
कडेला मात्र किरमिजी अजून किरमिजी.
कोपऱ्यात शिक्का: उडी मारणारं हरीण, तोंड उजवीकडं.
"हीच द्या. हरीणवाली. दुसरी नको."

मी नवी काढली.
हरीण आहे. तोंड डावीकडं,
आणि तोंडात आता एक हिरवं पान.

त्यांनी आधी दोन्ही तळव्यांवर तोलली.
मग वास घेतला.
मग अंगठा जिभेला लावून कडेवर घासला.
अंगठा किरमिजी झाला.
दोघी त्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

मला माहीत होतं.
माझे वडील त्याच हरणाच्या मागावर होते,
बावीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
कारखाना बसला तेव्हा माग किलोनं गेले,
भंगारवाल्यानं दारातच काटा मांडला.
सगळ्यात शेवटी, वेगळ्या कागदावर,
हरीण विकलं.
त्याचं वजन कुणी केलं नाही.
त्याचेच पैसे जास्त आले.

"तीच कंपनी हाय न्हवं?"
शेठ गल्ल्यावरून बघत होते.
नाव तेच आहे, मी म्हणाले.
महादेवीबाईंनी कापड डोळ्यांजवळ नेलं.
"आणि हे पान,
खातंय म्हणायचं का नुसतं धरलंय?"

घेतली मात्र त्यांनी.
सून बाळंतीण, रिकाम्या हातानं कसं जायचं.
"रंग जातोय त्याचे वीस कमी करा," म्हणाल्या,
आणि केले की शेठनं, गुपचूप.
जाताना पिशवीत नवी खाली,
जुनी वर.

संध्याकाळी शौकतभाईंच्या किराण्यात
धुण्याची पावडर मागितली.
"नेहमीचीच?"
पहिल्यांदाच मी पुडा उलटा केला.
मागं एक निळा थेंब, थेंबात झाड.
त्या झाडाला पाणी कोण घालतं, लिहिलेलं नव्हतं.
आई हीच आणायची, एवढंच मला ठाऊक.
आईला कुणी सांगितलं होतं, ते तीच जाणे.
"नेहमीचीच," म्हणाले.
पुडा नाकाशी नेऊन बघितला, लाज वाटली तरी.

अडीचला नळ खोकला.
पिंपं भरली, उरलेल्या पाण्यात
आमची घरातली हरीणवाली भिजत घातली.
वडील उठून आले. त्यांना आता फारसं दिसत नाही.
बादलीत हात घालून
कड बोटांतून सरकवत गेले, टोकापासून टोकापर्यंत.
"तुमच्याच मागावरची ना, नाना?"

"छे.
ही बसप्पाची, तिसऱ्या मागावरच्या.
त्याची कड कायम एक दोरा ढिली."